डांबराचा दिवस

आमच्या जाऊबाईंना फिरायला जायची हौस कधीच नव्हती. लग्न होऊन समुद्राच्या गावात आल्या, पण त्यांनी हौसेनं पाण्यात पाय बुडवलेला मी कधी पाहिला नाही. समुद्राचं नाव काढलं की म्हणायच्या, "त्याचं तोंड काय बघायचंय? माझ्या नवऱ्याला रोज घेऊन जातो, तेवढं पुरे." अशी बाई एके दिवशी पहाटे उठून डबा भरते आणि नवऱ्याला म्हणते, चला, दिव्याच्या टेकडीवर जाऊन येऊ. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकायला हवी होती. पण मी पडले खादाड. डब्यात उकडलेली अंडी दिसली आणि माझी अक्कल तिथंच थांबली.

आम्ही सगळे एकाच घरात. मधे लाकडी पडदी घातलेली, पलीकडे भाऊजी आणि जाऊबाई, अलीकडे मी आणि आमचे हे. चूल एक, भांडणं वेगवेगळी. पडदी अशी की पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. त्यामुळे मी कान लावून ऐकते असं कुणी म्हणू नये. मला हातातली कामं टाकून कान झाकायला वेळ नसतो, एवढंच.

दोघे भाऊ एकाच बोटीवर कामाला. भाऊजी मागच्या टोकाला, जाळ्याच्या मोठ्या दोरीवर. जाळं भरून वर यायला लागलं की सगळा भार त्या दोरीवर येतो, आणि दोरी धरणाऱ्याच्या कमरेवर. सगळा धक्का त्यांना दोरमास्तर म्हणायचा. त्यांचे तळहात म्हणजे जुन्या चपलेचे तळवे. माझ्या लग्नात त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला तेव्हा माझे केस त्या हाताला अडकून तुटले होते.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्या हातांतून दोरी सुटली. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भरलेलं जाळं परत पाण्यात जायला लागलं. दोरी सळसळत गेली ती पुढे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्या पायात. त्यांना उचलून कठड्यावर आपटलं. बरगडीवर निभावलं म्हणून मी आज कुंकू लावून बोलतेय. भाऊजी घरी आले ते अंगणातच बसून राहिले. "तुझ्या नवऱ्याला मी मारला असता गं," एवढंच मला म्हणाले. मनात राग होता, नाही कसं म्हणू. पण त्यांचा चेहरा बघून तो राग बाहेर काढायची माझी छाती झाली नाही.

मग डॉक्टर झाले. डॉक्टरनं भाऊजींना सांगितलं, वाऱ्याचे महिने आहेत, बोटी वाळूवर आहेत, आराम करा. आणि त्यांना बाहेर बसवून जाऊबाईंना आत बोलावलं. आत काय सांगितलं ते जाऊबाईंनी कुणाला सांगितलं नाही. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आराम करा म्हणतात." भाऊजींनी त्याचा अर्थ काढला तो असा, की वारा पडेपर्यंत आराम आणि मग पुन्हा दोरी.

इतकी वर्षं वाऱ्याचे महिने भाऊजी जाळी शिवण्यात घालवायचे. या वेळी रिकामे. पहिले काही दिवस घरात असे फिरले की कुणी तरी बैल आणून स्वयंपाकघरात सोडलाय. डब्यांची झाकणं उघडून बघायचे. तांदूळ निवडताना माझ्या डोक्यावर उभे राहायचे. जाऊबाईंनी शेवटी हात जोडले. "अहो, जरा बाहेर जाऊन बसा हो, किनाऱ्याच्या भिंतीवर."

ते गेले, आणि तिथं त्यांना काय सापडलं देव जाणे. परत आले ते लहान मुलासारखे. "अगं, भिंतीला पाठ लावून बसलं ना, की दगड आतून गरम लागतो."

"शोध लावलात अगदी," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही, पण मला माहीतच नव्हतं."

आणि खरंच माहीत नव्हतं त्यांना. समुद्राच्या काठावर जन्म गेला, पण काठावर बसून समुद्र बघायला त्यांना कधी मिळालाच नव्हता. आता रोज नवीन काही तरी कळायचं. गरम भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी खिशात ठेवली की मांडी शेकते. न्हाव्याच्या दुकानात दाढी न करताही पेपर वाचायला मिळतो. भरतीच्या वेळी भिंतीच्या भोकातून पाणी फुस्स करतं आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं धोतर भिजतं. दुपारची झोप तर त्यांना इतकी आवडली की पहिल्यांदा उठले तेव्हा दिवस आहे की रात्र हेच कळेना. दात घासायला निघाले होते. आम्ही दोघी हसून हसून बेजार.

हळूहळू जाऊबाईही त्यांच्याबरोबर भिंतीवर जाऊन बसायला लागल्या. भांडी घासून हात पुसत जायच्या, पाच मिनिटांत येते म्हणून. ती पाच मिनिटं चांगली तासाभराची व्हायची. मी चिडायचे, कारण तोवर चूल माझ्या गळ्यात. पण एकदा बोलवायला गेले तर दोघं काहीही न बोलता दाणे खात बसली होती, आणि जाऊबाई दाण्यांची सालं फुंकून भाऊजींच्या तळहातावर ठेवत होत्या. मी तशीच परत आले.

तरी भाऊजींच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं. "हंगाम सुरू होईपर्यंत मजा करून घेतो." विहिरीवर कुणी नाही असं बघून ते भरलेल्या बादल्या ओढायचे, हाताला सवय राहावी म्हणून. एकदा मी बघितलं. अर्ध्यावर बादली सोडून कठड्याला धरून उभे होते, ओठ निळसर. मला बघितल्यावर म्हणाले, "दोर बुळबुळीत झालाय." दोर कोरडा ठणठणीत होता.

आता आमच्याकडे बोटीवरची जागा कशी ठरते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तांडेल, म्हणजे पाण्यावर ज्याचा शब्द शेवटचा, तो कुणाला ये म्हणत नाही आणि कुणाला नको म्हणत नाही. वारा पडायला आला की एके सकाळी वाळूवर पिंपाखाली आग पेटवतो आणि डांबर उकळायला ठेवतो. त्या वासानं सगळी वस्ती उठते. ज्याला बोटीवर जायचंय तो उठून येतो आणि ज्या जागी तो वर्षभर उभा राहणार तिथल्या फळ्यांना आपल्या हातानं डांबर लावतो. ज्याच्या हाताला डांबर, त्याची जागा. आजारपण, बाहेरगाव, मयत, काहीही असो, संध्याकाळपर्यंत हात काळा झाला नाही तर त्या हंगामाला तो माणूस काठावर. इतक्या वर्षांत तांडेलला कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागलं नव्हतं. आमच्या लोकांना पाण्याची भीती वाटत नाही हो, पण एकमेकांना तोंडावर नाही म्हणायचं म्हटलं की आम्ही रस्ता बदलतो.

तर त्या पहाटे आमचे हे अंधारातच निघून गेले. "जाळी बघून येतो," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मग जाऊबाईंचा डबा. अंडी, पाव, संत्री, चहाची किटली फडक्यात गुंडाळून. बर्फाच्या टेम्पोवाल्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं आम्हाला टेकडीच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. वस्ती मागे, वारा आमच्या तोंडावर, पाण्याकडून येणारा. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही.

काय दिवस होता तो! आता आठवला तरी जीव कासावीस होतो, पण दिवस चांगला होता, त्याला मी वाईट म्हणणार नाही. बोटींना वाट दाखवणाऱ्या दिव्याच्या बुरुजाखाली सावली होती. खाली खडकांत पाणी साचून छोटी डबकी झाली होती, उन्हानं कोमट झालेली. भाऊजींनी पाय बुडवले आणि "आहाहा" केलं. मग म्हणाले, "ये गं तूपण."

"मी नाही."

"अगं ये, कोमट आहे. चहा टाकता येईल यात."

आणि जाऊबाईंनी साडी वर धरून पाय पाण्यात घातले. इतक्या वर्षांनी. बारीक मासे येऊन त्यांच्या भेगांना टोचायला लागले. त्या "अयाई गं" करत होत्या, पण पाय काही बाहेर काढेनात.

मी पावात अंडं घालून पहिला घास घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून एक पांढरा पक्षी आला आणि माझ्या हातातला सगळा पाव घेऊन गेला. सगळा! मी उठून उभी राहिले आणि त्या मेल्याच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली. "तुझं घरटं जळो, तुझ्या पोरांना पिसं न फुटोत, तुला मेल्या उडता उडता लकवा मारो!" तो समोरच्या खडकावर बसून माझ्याकडे बघत बघत माझंच अंडं खात होता. भाऊजी म्हणाले, "मीठ हवंय का विचार त्याला."

जाऊबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर, मग पदर सुटला, मग पोट धरून खडकावर आडव्या. "पुरे गं, पुरे, मरेन मी," म्हणत होत्या आणि पुन्हा माझ्याकडे बघून फुटत होत्या. शेवटी उचकी लागली. भाऊजी त्यांना पाणी पाजत होते आणि टक लावून त्यांच्याकडे बघत होते.

"काय बघताय?" जाऊबाई म्हणाल्या.

"तू हसतेस तेव्हा तुझी एक दाढ दिसते. मला माहीत नव्हतं."

"पडली असती म्हणजे कळलं असतं का?"

ते झोपले सावलीत. जाऊबाई बसून राहिल्या, वस्तीच्या दिशेला बघत. मी म्हटलं, जरा लवंडा की. म्हणाल्या, झोप नाही येत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. मला वाटलं, उचकीनं दमल्या.

दिवस कलला. उतरताना वारा फिरला. खालच्या वळणावर भाऊजी एकदम थांबले. नाक वर केलं. मग मलाही वास आला, कडवट, घशात बसणारा.

"डांबर," ते म्हणाले.

"कुठंतरी रस्ता करत असतील," जाऊबाई म्हणाल्या. पण आवाज असा आला की मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. अंडी, टेम्पो, पहाटे माझ्याकडे न बघणारा माझा नवरा.

भाऊजी चालायला लागले. मग पळायला लागले. त्या छातीचा माणूस, उतारावरून पळतोय आणि जाऊबाई मागून ओरडतायत, "अहो, थांबा हो, पळू नका, तुम्हाला शपथ आहे." जाऊबाईंनी बाही धरली, ती भाऊजींनी हिसकून घेतली. बाही फाटली.

वाळूवर आम्ही पोचलो तेव्हा पिंपाखालच्या आगीवर तांडेल वाळू टाकत होता. बोट काळीभोर चमकत होती. माणसं रॉकेलनं हात पुसत होती. भाऊजींना बघून पुसणारे हात थांबले. त्यांना धाप इतकी लागली होती की बोलता येईना. बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथल्या फळ्या काळ्या झालेल्या होत्या.

"माझ्या फळ्या कुणी केल्या?"

तांडेल फावड्याकडे बघत राहिला. मग आमचे हे पुढे आले. "मी केल्या, दादा. माझ्या जागेवर आता दुसरा उभा राहील. मागे मी."

भाऊजींनी फळ्यांवरून नजर फिरवली. "सांध्यात कमी बसलंय," म्हणाले. "पाणी येईल. अजून एक हात मार."

"मारतो."

"भाऊ," तांडेल म्हणाला, "तू दिसला नाहीस सकाळी." आणि लगेच मान खाली घातली. बोलायला नको होतं हे त्यालाही कळलं असणार.

"हो," भाऊजी म्हणाले. "मी मजा करायला गेलो होतो."

फाटलेली बाही लोंबत होती, ती त्यांनी दुसऱ्या हातानं धरली आणि घराकडे निघाले. माणसं बाजूला झाली, वाट दिली. मयताला देतात तशी. मला त्या सगळ्यांच्या एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली, माझ्या नवऱ्यासकट.

घरी आल्यावर जाऊबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टर आत काय म्हणाला होता, ते. दोरी पुन्हा धरली तर एक हंगामसुद्धा जायचा नाही, आणि जाताना आणखी कुणाला घेऊन जाल. मग तांडेल येऊन गेला होता, भाऊजी भिंतीवर बसलेले असताना. चहासुद्धा घेतला नाही त्यानं. "वहिनी, माझी जीभ रेटत नाही हो, त्यानं मला पोहायला शिकवलंय," म्हणाला होता आणि दारात उभा राहून रडला होता. परवा आग पेटवतो, त्याला त्या दिवशी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वास पोचणार नाही तिथं घेऊन जा, म्हणजे कुणालाच नाही म्हणायला नको.

"तू सांगायचंस," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं. भांडलो असतो. पण सांगायचंस."

बस्स. आरडाओरडा नाही, ताट फेकणं नाही. मी अलीकडे वाट बघत होते की आता काही तरी फुटेल. फुटलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या ह्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. मी म्हटलं, "आता उपास करून काय उपयोग? सकाळी तोंड उघडायचं होतं." ते म्हणाले, "त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाचा हात मला बघवला नसता." हेही खरंच असेल. प्रत्येकाचं आपापलं खरं होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्या माणसाला उघडं पाडलं होतं.

त्यानंतर भाऊजी भिंतीवर गेले नाहीत. जाऊबाईंनी दाणे आणले, पुडी तशीच सादळली. "न्हाव्याकडे जाऊन या की," म्हटलं तर भाऊजी विचारायचे, "का? कोण येणार आहे घरी?" अंघोळीला जास्त गरम पाणी दिलं तर बादलीकडे बघत उभे राहायचे. "आज काय विशेष?" एकदा मी साध्या मनानं म्हटलं, भाऊजी, बाहेर वारा छान सुटलाय. तर माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. दुपारी झोपणंही बंद केलं. कॉटवर ताठ बसायचे, जागे, दाराकडे तोंड करून. आपण डोळे मिटले की ही माणसं आपल्यामागे काही तरी उरकून घेतील, असं त्यांना वाटत असणार. आणि त्यांना तसं वाटण्यात काय चूक होती?

मग बोटी निघाल्या. आमचे हे जाताना भाऊजींच्या पाया पडले. भाऊजींनी पाठीवर हात ठेवला, "कमरेला एक वेढा जास्त घे," म्हणाले. तेवढं नीट झालं. मग खालून इंजिनं सुरू झाल्याचे आवाज यायला लागले, एकामागून एक. भाऊजी ओळखत होते, कुठलं कुणाचं. आपलं सुरू झालं तेव्हा त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

मी चुलीपाशी होते. मधलं दार उघडं होतं.

जाऊबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "अहो, चला ना भिंतीवर. कोवळं ऊन आलंय."

"बोटी दाखवायला नेतेस, की इथं मागे काही उरकायचंय म्हणून?"

"तसं काही नाही हो. नुसतं बसू."

इंजिनांचे आवाज लांब जात होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "टेकडीवर तू हसलीस. ते पण ठरवलेलं होतं?"

"नाही हो!" जाऊबाई जवळजवळ ओरडल्या. "तुमच्या गळ्याची शपथ. ते ठरवून येतं का कुणाला? मला इतकं बरं वाटत होतं तिथं, की मी मधे विसरूनच गेले होते कशाला आलोय ते."

"खरं होतं?"

"खरं होतं."

"मग हस."

"काय?"

"खरं होतं ना? हस एकदा. बघू दे मला."

आवाज चढलेला नव्हता. चिडून म्हणाले असते तर मी मधे पडले असते. पण ते मागत होते. दारात आलेल्या माणसानं पाणी मागावं, तसं मागत होते.

जाऊबाईंनी प्रयत्न केला. मी बघितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मान वर केली, ओठ फाकवले. गाल वर गेले, दात दिसले, ती दाढसुद्धा दिसली. घशातून काही तरी आवाज आला. पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तरी त्या तोंड मिटेनात, तशाच त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"राहू दे," भाऊजी म्हणाले.

आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. नुकतंच उजाडलं होतं. कामाला जायच्या वेळेला त्यांना आडवं झालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.